तुळजा आणि चार तोंडं

८ जुलै, सोमवार
आणि वर शाळेतली मिस मलाच म्हणते, मनाला लावून घेऊ नका. का नको? चौदा वर्षांची पोर माझी तुळजा, मिसच्या कागदावर तिचे चार चौकोन, चारही रिकामे. बायांची चित्रं दाखवायची. एक हसते, एक रडते, एक चिडलेली, एक घाबरलेली. कोणाला काय वाटतं ते तुळजाने ओळखायचं. तुळजाने चारी नीट ओळीत लावली, जिचे दात जास्त दिसतात ती पहिली. मिस म्हणाली, चूक. दात मोजण्यात एक चूक नव्हती, मी बघितलं.

म्हणून तिला थोरल्या वर्गात घेतलं नाही. तिथे गजरे गुंफायला शिकवतात, मुलं शाळेच्या फाटकाशी बसून विकतात. मल्लीच्या, म्हणजे मोगऱ्याच्या, कळ्यांवर तुळजाची बोटं माझ्यापेक्षा जलद. पण मिस म्हणते, "गिऱ्हाईक चिडलंय की रडतंय ते कळायला नको का, अम्मा?"

मिस चांगली आहे. पोरगीच आहे, पंचविशीची. तरी राग आला. ही वही मराठीत आहे ते बरं, ती तमिळ, तिला वाचता यायची नाही.

१० जुलै, बुधवार
घरचा अभ्यास. आरशापुढे तोंडं करायची. मी हसून दाखवलं. "हे काय?" "आई." रागावून दाखवलं. "आणि हे?" "आई."

हे, तुळजाचे बाबा, पेपर खाली ठेवून म्हणाले, "तिला कशाला बोलतेस. वीस वर्षांत मलाही फरक कळला नाही." ओरत्तनाडूच्या ऑफिसात साहेबाचं तोंड ह्यांना बरोबर वाचता येतं. तासभर जेवायला वाढलं नाही.

१२ जुलै, शुक्रवार
व्हॅन यायची वेळ, आणि तुळजा समोरच्या कामाक्षीमामींच्या दारात, रोजच्या पिठाच्या रांगोळीच्या जागी थांबली. हलेना.
"कोलम नाही."
मी ओढलं.
"कोलम नाही, आई."
व्हॅन गेली. चिडून वळले तर मामी दारात, डोळे सुजलेले. पहाटे तिरुवैयारूहून फोन आला, त्यांचे मोठे दीर वारले. समोरासमोर घरं आमची, आणि मला पत्ता नाही. त्यांच्या दारात पीठ पडलं नाही हे दिसायला मान वर करावी लागते. मी डबा भरत होते.

कोलम मीच शिकवलं हिला, सातव्या वर्षी. घरात कोणी गेलं की काढायचं नाही, हेही तेव्हाच सांगितलेलं. एकदाच.

तुळजा मामींच्या पायरीवर जाऊन बसली. दुपारी मामी मला म्हणाल्या, "येणारा प्रत्येक जण विचारतो, कसे गेले, कसे गेले. हिने नाही विचारलं."

१६ जुलै, मंगळवार
व्हायचं ते झालं. कोपऱ्यावर नवी भाडेकरीण आलीय, बँकेत जाते. तिला सकाळी उशीर झाला, कोलम राहिलं. तुळजाने बेल वाजवली आणि विचारलं, "कोण गेलं?"

सकाळी सकाळी. ती बाई लाल झाली. मी हात जोडले. मग ती पोरीला वेडी म्हणाली, तेव्हा हात सोडले. पुढचं लिहीत नाही.

संध्याकाळी तुळजाला समोर बसवलं. कोलम दिसलं नाही तर आधी विचारायचं, "बरं आहे ना?" मग गप्प राहून ऐकायचं. उशीर झाला म्हणाली तर परत यायचं. दुःखाचं सांगितलं तर बसायचं. चाळीस वेळा घोकवलं. एकदा मी मामी झाले, एकदा बँकवाली. बँकवाली झाले की पोर हसते. सारखी म्हणते, पुन्हा बँकवाली हो.

१९ जुलै, शुक्रवार
आडी महिन्याचा पहिला शुक्रवार, देवीचा दिवस, गल्लीभर मोठी कोलमं. बँकवालीने प्लास्टिकचं आणून चिकटवलंय, पोर पुन्हा दारात येऊ नये म्हणून. तुळजाने वाकून बघितलं, नखाने खरवडलं.
"रोज हेच. काही कळत नाही."
आणि बेल वाजवली. मी धावले. तोवर विचारून झालं होतं, "बरं आहे ना?" बाईने आधी माझ्याकडे बघितलं, मग हिच्याकडे. म्हणाली, "डोकं दुखतंय गं." तुळजा म्हणाली, "बरं," आणि पायरीवर बसायला लागली. डोकं दुखण्याचं मी शिकवलंच नव्हतं. बाईने उठवलं नाही.

२२ जुलै, सोमवार
मिसला सगळं सांगितलं. "तुमची चित्रं त्या प्लास्टिकच्या कोलमासारखी आहेत," हेही सांगितलं. चिडली नाही. तुळजाला पुन्हा बसवलं, मला खिडकीशी उभं राहू दिलं.

रडणारी बाई दाखवली. तुळजा बघत राहिली. दात मोजते आहे असं वाटून मी डोळे मिटले. मग आवाज आला.
"हिने आज कोलम काढलं नाही."
आणि चित्राला विचारलं, "बरं आहे ना?"

मिसची पेन्सिल तशीच वर. चौकोनात "दुःख" हाच शब्द हवा. चूकही लिहिलं नाही तिने, बरोबरही नाही. म्हणाली, "हेडमिसना विचारावं लागेल, अम्मा." तिचे डोळे ओले होते. ते मला कळलं. पण चौकोनात काय लिहायचं ते माझ्या हातात नाही.

२३ जुलै, मंगळवार
हेडमिस म्हणाल्या, बघू, पद्धत असते, वेळ लागतो. थोरल्या वर्गाची नवी तुकडी सोमवारी बसते. वेळ कुठून आणायचा?

मी खुर्चीवर बसलेच नाही. म्हटलं, माझं शिक्षण चौथीपर्यंत, मला एकच समजावून सांगा. रडणारी बाई दिसली की तुम्ही तिला काय विचारता? "बरं आहे ना?" हेच विचारता ना? मग तुळजाचं उत्तर बरोबर की चूक, तेवढं कागदावर लिहून द्या. बरोबर असेल तर सोमवारी ती गजऱ्यांच्या चटईवर बसेल. चूक असेल तर खाली बरोबर उत्तर लिहा, मी घरी घोकवून घेते.

निघताना म्हटलं, शुक्रवारी येते मी, दुपारच्या घंटेआधी. तोवर लिहून ठेवा.