तिसरं कडवं

सोमवार, ३ फेब्रुवारी

काय गं वहीबाई, काल कुठं थांबलो होतो आपण? नाही ना आठवत! एवढं पोटात लिवलेलं घेऊन बसली, तरी कोरी ती कोरीच. मी अंगठेबहाद्दर, मले कोण दोष देईन? मी सांगते, सून मंजू लिवते. लिवता लिवता शुद्ध करते — म्हंजे मीठ काढून टाकते!

तर मंजूची रेणू, माही नात. कॉलेजात तासावर इंग्रजी शिकवते. एकवीस तारखेले तिची पीएचडीची तोंडी परीक्षा. इंग्रजांची रडगाणी अन् आमचा बंजाऱ्यांचा ढावलो — नवरी सासरी जाताना गळ्यात पडून गाते तो — दोन्ही शेजारी ठेवून पाच वर्षं घासली पोरीनं. पास झाली तर पक्की नोकरी.

"दादी, सगळं तू गायलेल्या ढावलोच्या तिसऱ्या कडव्यावर उभं हाय," म्हणे.

मी भाकर तशीच ठेवून उठली.

शनिवार, ८ फेब्रुवारी

आजबी नाही सांगतलं. मरत बी नाही मी!

बुधवार, १२ फेब्रुवारी

लिव मंजू. ते तिसरं कडवं जुनं नाही. म्याच जोडलं! तवा रेणू ढावलो भरून घ्याले मोबाईल धरून समोर बसली अन् मले मायचे शब्दच आठवेनात. लाज वाटली. बसल्या बसल्या चार ओळी ठोकून देल्ल्या. पोरगी डोळे पुसून राह्यली होती — मग सांगू कशी?

काहून थांबली? लिव ना!

"आत्याबाई, लेकरानं जीव जाळला अन् तुमी हे आता सांगता?"

मंग कवा सांगू? मेल्यावर?

मंजू पेन टाकून उठली. घटकाभरानं आली, तवा हे लिवलं.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

फोनवर रेणूले सांगतलं. म्या म्हटलं, "शिव्या दे, पन बोल!"

"दादी, त्या ओळी दोनशे वर्षं जुन्या हायत असं सिद्ध केलं म्या."

एवढी जुनी तर मी बी नाही! जिभेवर आलं होतं. गिळलं. तिनं फोन ठेवला.

सोमवार, १७ फेब्रुवारी

फोन नाही. मंजू बोलत नाही, नुसती लिवते.

गुरुवार, २० फेब्रुवारी

रेणूचा फोन. तिनंच विद्यापीठात अर्ज देल्ला — कडवं खोटं हाय, परीक्षा थांबवा. यंदाची नोकरी गेली. उद्या खरं कडवं आणाले कामरगावले जाऊन राह्यली, माह्या धाकल्या बहिणीकडं, रुपाबाईकडं. मायचा ढावलो तिले तोंडपाठ हाय. बारा वर्षं तिचं तोंड पाह्यलं नाही म्या. माहा गळा बेसूर म्हणे ती! तिचा गोड हाय मेलीचा, लिवून ठेव.

अन् मंजू, कामरगावच्या जीपवाल्याजवळ रुपासाठी डबा दे. गुळाचा शिरा, पातळ, तूप सढळ. दात नाहीत तिले.