लेकीच्या घरी न जेवलेले बारा दिवस

बुध. ५ फेब्रु., उमरगा

बॅग परत उघडली. यांनी माझ्या साड्या काढून कडक भाकरी भरल्यात. चाळीस! वर शेंगाचटणीचा डबा. म्हणे, "तिथं बारा दिवस काय खायाचं?" म्हटलं, लेकीच्या घरी चाललोय, धर्मशाळेत नाही. त्यावर नेहमीचंच. लेकीला मूल होईस्तोवर आईबापानं तिच्या घरचं अन्न खायचं न्हाय, आमच्या अण्णांनी पाळलं, मी पाळणार. वैशूच्या लग्नाला नऊ वर्षं झाली. ती पुण्याला होती तेव्हा हे सकाळी जाऊन संध्याकाळच्या एसटीनं उपाशी परत यायचे. आता ती बार्बाडोसला, तिथनं कुठली एसटी पकडणार?

साड्या परत भरल्या. भाकरी वीसच ठेवल्या.

रवि. ९ फेब्रु., बार्बाडोस

काल पोचलो. विमानं बदलून बदलून पाय सुजलेत. समुद्र घरापासून पाच मिनिटांवर. निळा म्हणजे काय निळा. तीस वर्षं झेडपीच्या शाळेत पोरांना निबंध लिहायला लावले, पण मला दोन ओळी सुचेनात.

वैशूनं पुरणपोळी केलेली. जावईबापू निखिल स्वतः ताट घेऊन उभे. यांनी हात जोडले, "राग मानू नगा जावईबापू, पोट भरलंय." विमानातल्या पावावर! मग खोलीत जाऊन कडक भाकरी मोडली. तो आवाज बाहेर सगळ्यांनी ऐकला. वै. हसली. ते हसणं मला बघवलं नाही.

तिच्या घरी झोपायला चालतं. नळाचं पाणी चालतं. चहा चालत नाही. कुठल्या पोथीत लिहिलंय, विचारलं तर टॉवेल घेऊन समुद्रावर निघाले.

मंगळ. ११

यांची सुट्टी मात्र झकास चाललीय. सकाळी दोन तास पाण्यात. मग किनाऱ्यावरच्या टपरीवाल्या बाईकडं तळलेला मासा. उडणारा मासा म्हणतात त्याला, खरंच पाण्यावरून उडत जातो. सोबत पिवळ्या मिरचीची जहाल चटणी. "लई ग्वाड हाय." मक्याच्या पिठात भेंडी घालून घाट्यासारखं काहीतरी करते ती, ते दोनदा मागून घेतलं. हे मराठीत बोलतात, ती तिच्या भाषेत, दोघं हातवारे करून हसतात.

कोण कुठली बाई, तिच्या हातचं चालतं. पोटच्या पोरीचं चालत नाही. बोलले तसं तोंडावर.

"ते हाटेल हाय. हे लेकीचं घर हाय. कळतंय का तुला?"

नाही कळत.

मी वै.कडंच जेवते, पण हे फिरायला गेले की. साठीची बाई लेकीच्या ओट्यापाशी उभी राहून चोरून खाते. लाज वाटते. यांची नाही, माझीच.

गुरु. १३

इथं ऊस आहे! यांना कळल्यापासून समुद्र संपला. निखिलनं कामावरून सुट्टी काढली, दिवसभर यांना घेऊन उसाच्या रानातनं हिंडला. "आपल्या माकणीच्या रानात यापेक्षा जाड ऊस येतुय, पण गोडी हितं बरी." निखिलच्या खांद्यावर हात टाकून बोलत होते. येताना वै.साठी रानातली कसलीशी फुलं तोडून आणली, तिनं ती पाण्यात ठेवली.

माया नाही असं नाही. त्यानंच जास्त संताप होतो.

भाकरी संपल्या. आता तिन्ही त्रिकाळ टपरी.

शनि. १५

डाव माझाच होता. वै.नं घरी मासा केला, मी डबा गुपचूप टपरीवाल्या बाईकडं पोचवला, खुणांनी समजावलं. तिला गंमत वाटली, डोळा मारून म्हणाली काहीतरी. तिनंच तो कागदी ताटात वाढून यांच्यापुढं ठेवला. वै. लांब गाडीत बसून बघत होती. तिच्या हातचा घास बाबांनी खाल्लेला तिला बघायचा होता, एवढंच.

हे पहिला घास तोंडात घालून थांबले.

काळं तिखट. वै.नं माशाला आपलं घरचं काळं तिखट लावलेलं. मीच उमरग्याहून आणलेलं, मीच तिच्या डब्यात भरून दिलेलं. दोघींच्याही डोक्यात आलं नाही. सबंध बेटावर ते एकाच घरात असणार, हे पोरालासुद्धा कळेल.

घास गिळला नाही. वळून वाळूत टाकला. चूळ भरली. ताट हळूच बाजूला सरकवलं, माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. तेवढ्यात गाडी सुरू झाल्याचं ऐकलं. वै. निघून गेली.

आम्ही पायी घरी आलो. 

रवि. १६

दु. हे झोपलेले. वै. माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "आई, बाबा ताट नको म्हणतात ना, तेव्हा दरवेळी मला एकच ऐकू येतं, तुला मूल नाही."  मग सगळंच बोलली.

दोनदा राहिलं होतं. दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात... मला तेव्हा फोनवर म्हणायची, सर्दी झालीय. गेल्या वर्षी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आता होणार नाही. उपचार बंद केले. दोघांनी मान्य केलंय.

"आम्ही बरे आहोत आई, खरंच. पण बाबांना सांगू नकोस. त्यांनी माझ्याकडं बिचारी म्हणून बघितलेलं मला सहन होणार नाही. त्यांनी नुसतं जेवावं."

गळ्याची शपथ घातली.  मी तिचा हात धरून बसले.

मंगळ. १८

यांच्याशी बोलत नाही. कालपासून. विचारतात, "काय झालंय?" काय सांगू.

साडीसकट कमरेएवढ्या पाण्यात जाऊन बसले. पहिल्यांदाच. पाणी कोमट. लाटांच्या आवाजात रडून घेतलं. यांना वाटलं मी मजा करतेय, काठावरनं हात हलवला.

गुरु. २०

उद्या निघायचं. वै. सकाळपासून स्वयंपाकाला लागलीय, कुणाला न विचारता. भरलं वांगं, भाकरी, शेवयाची खीर.

दु. यांना किनाऱ्यावर गाठलं. साठलेलं सगळं काढलं, शपथेतलं सोडून. पोरीच्या जिवापेक्षा अण्णांचा नियम मोठा झाला का? आज एक घास खा, परत जन्मात सांगणार नाही. लोक बघायला लागले इतकी मोठ्यानं बोलले.

हे बोटानं वाळू उकरत होते. मग म्हणाले,

"अण्णाचं काय घिऊन बसलीस. अण्णा गेले, संपलं. आगं, मी आज जेवलो तर त्याचा अर्थ काय व्हतो? बापानं आस सोडली. वैशूला वाटंल, आता बाबानं बी सोडली. समदे सोडूद्यात, म्या सोडणार न्हाय. तिची कूस भरंल. मग ह्याच घरात चार दिस बसून खाईन की."

आणि डोळे पुसले.

नऊ वर्षं मी याला हट्ट म्हणत आले. मनातल्या मनात काय काय शिव्या दिल्या. तिला वाटतं बाप तिला कमी लेखतो. आणि हा माणूस तिच्यासाठीच उपाशी...

आता मी काय करू? खरं सांगितलं तर जेवतील. आजच जेवतील, तिच्याशेजारी बसून. पण त्यानंतर यांच्याकडं वाट बघायला काही उरणार नाही. शिवाय शपथ मोडलेली वै.ला पहिल्या घासालाच कळेल. नाही सांगितलं तर उद्या सकाळी असेच विमानात बसू, आणि इतक्या लांब आम्ही पुन्हा काही येत नाही.

सं. सात. हे बाहेर पायरीवर बसलेत, मला शेजारी बसायला बोलवतात. वै. आतनं विचारतेय, "आई, तीन ताटं घेऊ का चार?"

दुसऱ्यांदा विचारलं तिनं.