हॉलमधलं बोदवड स्टेशन

पिंप्राळा, जळगाव
२४ मे २०२४

ति. अक्कास,
राजदीपचा सप्रेम जयभीम. वि. वि.

फोन सोडून पत्र कशाला, म्हणून तू आधी पाकीट उलटंपालटं करून पाहशील. कारण असं, की आमच्या घरात फोनवर बोलायची सोय उरलेली नाही. बेल वाजली की आपले नाना फोन हिसकावतात आणि भुसावळच्या कंट्रोल ऑफिसला बोदवडची खबर देतात. परवा तू तब्येत विचारत होतीस आणि ते तुला मालगाडी बाजूच्या लूप लाइनवर घेतल्याचं सांगत होते.

हे सगळं आमच्या मैत्रीबाईंचं कर्तृत्व. बाहेर पंचेचाळीस अंश ऊन, म्हणून पाच वर्षांच्या पोरीला घरात डांबलं, तर तिने हॉलचं स्टेशन केलं. चपला ओळीने लावल्या की मेल, उशा लावल्या की मालगाडी. कुकरची शिट्टी झाली की नाना दारातल्या स्टुलाजवळ हिरवं ब्लाउजपीस धरून ताठ उभे राहतात. पुनमला स्वतःच्या स्वयंपाकघरात जायला तिकीट लागतं. दूधवाला भिकन लाइन क्लिअर मिळेपर्यंत जिन्यात ताटकळतो.

मैत्रीला ठाऊक आहे, हा खेळ आहे. नानांना वाटतं, ते अजून बोदवडला पॉइंट्समन आहेत. आम्ही गप्प बसतो, कारण त्यात आमचा स्वार्थ आहे. यंदा ते तीनदा घरातून निघून गेले होते. आता दार सताड उघडं असलं तरी हलत नाहीत. पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, आल्याशिवाय जागा सोडायची नाही, हा त्यांचा नोकरीभरचा नियम. खेळ चालू आहे तोवर नाना घरात आहेत, एवढं मला कळतं.

तुझी माया आहे तशीच राहू दे.
तुझा राजदीप

देवपूर, धुळे
३० मे २०२४

चि. राजदीप यास,
अक्काचा जयभीम आणि आशीर्वाद.

पत्र वाचून इतकी हसले, की शेजारच्या प्रमिलाबाई काय झालं म्हणून बघायला आल्या. नानांनी मला भुसावळचं कंट्रोल ऑफिस केलं हे बरंच झालं. निदान या वयात तरी बाप माझं ऐकतोय.

पण एक बोलते, रागावू नकोस. नानांचा सगळा भार तुम्ही त्या एवढ्याशा पोरीवर टाकलाय. पोरांचा खेळ किती दिवस टिकतो, हे बत्तीस वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळलेल्या बाईला विचार. जूनमध्ये शाळा उघडली की काय करशील? माझे गुडघे धड असते तर नानांना मीच घेऊन आले असते. इथे दुसरा मजला, मी एकटी. नुसत्या काळजीचा उपयोग काय, पण ती केल्यावाचून राहवत नाही.

पुनमला उन्हात जपून राहायला सांग. तिला तिकीट फुकट द्यायला काय हरकत आहे?
तुम्हा सगळ्यांची
अक्का

पिंप्राळा, जळगाव
२८ जून २०२४

ति. अक्कास,
स. जयभीम. वि. वि.

तुझी जीभ काळी आहे, अक्का. शाळा सुरू झाली आणि आठवड्यात मैत्रीचं स्टेशन बंद पडलं. आता ती खालच्या मजल्यावरच्या मैत्रिणीबरोबर पार्लर चालवते. नानांची हिरवी झेंडी गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती बांधलेली असते.

खेळ संपला, पण नानांची ड्युटी संपेना. सकाळी सातला स्टुलावर बसतात, आणि गाडीच येत नाही. जेवायला उठत नाहीत. संडासला चला म्हटलं तर विचारतात, जागा कोण बघणार. मग कपडे ओले होतात. ते त्यांना कळतं आणि ते भिंतीकडे तोंड करून बसतात. मला ते बघवत नाही.

मैत्रीला चॉकलेटचं आमिष दाखवलं. दहा मिनिटं खेळली, घड्याळाकडे बघत. नानांनी चपलांकडे पाहिलं आणि आज गार्डचा डबाच लावला नाही म्हणाले. मग मी स्वतः गाडी लावली आणि तोंडाने शिट्टी मारली. बेचाळीस वर्षांचा माणूस आहे मी. नानांनी मला रुळात कोण शिरलंय म्हणून दटावलं.

शेवटी मी मैत्रीवर ओरडलो. रडत तिने विचारलं, की मी कधीपर्यंत खेळू ते सांगा. तुझ्याकडे उत्तर असेल तर लिही.

तुझ्या उत्तराची वाट बघणारा
राजदीप

देवपूर, धुळे
३ जुलै २०२४

चि. राजदीप यास,
जयभीम आणि आशीर्वाद.

दोन दिवस धड जेवण गेलं नाही. मग एक सुचलं. तुम्ही नानांना ड्युटीवर लावलंत, पण सोडवायला कोणाला पाठवलंच नाही. आठवतं ना, मगनकाका चार्ज घ्यायला आले की नाना कसे मोकळे व्हायचे? क्वार्टरवर येऊन हातपाय धुवायचे, आईशी थट्टा करायचे, पोटभर जेवायचे. तू मगनकाका हो. खाकी शर्ट घाल, डबा घे, वेळेवर जा आणि नीट चार्ज घे. माणसाला एकदा सुटल्यासारखं वाटू दे. मैत्रीलाही सुटू दे.

धीर सोडू नकोस. काय झालं ते लगेच कळव.
अक्का

पिंप्राळा, जळगाव
१२ जुलै २०२४

ति. अक्कास,
स. जयभीम. वि. वि.

रविवारी चार वाजता खाकी शर्ट घालून मी आपल्याच घराची बेल वाजवली. मैत्रीला गंमत वाटली. तिने पळत जाऊन ब्लाउजपीस आणलं आणि शेवटची मेल म्हणून चपला लावल्या, अगदी गार्डच्या डब्यासकट. नानांनी मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा खुलला, की मला वाटलं, अक्का जिंकली.

त्यांनी झेंडी घडी करून माझ्या हातात दिली. मैत्रीच्या वहीत सही केली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून घरच्या गप्पा मारल्या. पोरगी शाळेत हुशार आहे म्हणाले. पोरगं जरा हळवं आहे, पण गुणाचं आहे, म्हणाले. मला त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं गं. मी मान डोलावत उभा राहिलो.

आणि मग ते चप्पल घालून सरळ दाराबाहेर पडले. आपण दोघं रेल्वेवाल्याची पोरं, आणि एवढी साधी गोष्ट आपल्या डोक्यात आली नाही. रिलीव्हर आला की माणूस घरी जातो. मी मागे धावलो, तर जिन्यात थांबून त्यांनी मला परत पाठवलं, की तू चार्जवर आहेस, जागा सोडू नको. शेवटी पुनम त्यांच्यामागून गेली. रिक्षावाल्याला बोदवडची गाडी गाठायचीय म्हणून सांगत होते. तासाभराने गोडीगुलाबीने परत आणलं.

तेव्हापासून दाराला कुलूप आहे. ते आतून कडी हलवतात आणि म्हणतात, माले घर जानं शे. घर हेच आहे, हे पटत नाही. मैत्री घाबरली आहे. आता ती शाळेतून आल्याबरोबर आपणहून चपला लावते, कुकर नसला तरी शिट्टी मारते, पार्लरकडे फिरकत नाही. काल तिने झेंडी त्यांच्या हातात कोंबली. नानांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, पोरी, आता मगनकाकाले दे म्हणाले, आणि पुन्हा दाराशी गेले. ती माझ्याकडे बघत राहिली, मी काहीतरी करीन म्हणून.

मी काय करू? त्यांच्यासाठी मी आता मगनच आहे, खाकी शर्ट काढला तरी. काल रात्री ताट वाढून समोर बसलो, पण त्यांनी घास घेतला नाही. माझी मनधरणी करत होते. मगन, मला जाऊ दे, माझं पोरगं मी गेल्याशिवाय जेवत नाही, म्हणत होते. अक्का, माझंही ताट समोर तसंच होतं.

गुडघ्यांचं काहीही होवो, तू ये. तुला तरी ते ओळखतील.

तुझा
राजदीप