दुर्राची अट

स्फाक्स

लझहरदादा,

रुसून तू लग्नाला आला नाहीस, पण कालची गंमत तुला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

"मुक्या पोरीला काय विचारायचं? बापाने मान हलवली की झालं," असं तू म्हणाला होतास. काल काझीसाहेबही तेच म्हणाले. तशी माझी दुर्रा ताडकन उठली आणि हातांनी भराभरा बोलू लागली. तिच्या शाळेतल्या समाहबाईंनी तिचं बोलणं सगळ्यांना सांगितलं, "लग्न माझं आहे, तर मलाच विचारा."

काझी गडबडले, पण माणूस भला. तिच्याकडे वळून म्हणाले, "बेटा, अनीस पसंत आहे का?"

आता ही हो म्हणेल असं वाटलं, तर कार्टीने अटच घातली! "अनीसला खुणांची भाषा येते, घरच्यांना नाही. त्यांनीही शिकावी. सासरी मी काय भिंतींशी बोलू?"

एवढ्यात अनीसची आई उठली आणि चाचरत हात हलवू लागली. दुर्रा खो खो हसत सुटली.

समाहबाई म्हणाल्या, "यांना 'माझ्या घरी ये' म्हणायचं होतं. 'माझं घर खा' म्हणाल्या!"

बिचारी महिनाभर गुपचूप शिकत होती. दुर्राने तिची बोटं नीट केली, गालाचा मुका घेतला आणि काझींना होकार दिला.

हे पत्र मात्र मी पोस्टात टाकणार नाही. "ईदला मामा आला की त्याला सगळं मीच सांगणार," असं दुर्रा म्हणते. तुझी नक्कलही बसवली आहे तिने. अगदी हुबेहूब!

तुझी हसून दमलेली बहीण,
मोंजिया