मामांच्या राखुंडीतलं ग्रीक गाव

ओजिमा, तोक्यो

तीर्थस्वरूप चारुदत्तमामांस नीलकंठचा दंडवत. प्रवास सुखाचा झाला असेल. गुडघे कसे आहेत? आणि दात? (दातांचं मात्र लगेच कळवा.) फोनच केला असता, पण तुम्ही तो स्पीकरवर ठेवता आणि मामी शेजारीच असतात. म्हणून पुण्याला निघालेल्या शैलेंद्रच्या हाती हे पत्र. एकट्यानं वाचावं.

माझ्या कामाबद्दल तुम्ही कधी विचारलं नाहीत, मीही सांगितलं नाही, तिथंच घात झाला. ग्रीसमध्ये डोंगरावर एक चिमुकलं गाव आहे. एक चर्च, एक कॉफीचं दुकान आणि बाकी भांडणं. खालच्या गावापेक्षा आपण जुने, हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा दावा. यंदा तिथल्या उत्खननात ऑलिव्हच्या जळक्या बिया सापडल्या आणि वय काढायला आमच्या विद्यापीठात आल्या. तेवढ्याच, दुसऱ्या नाहीत. सरपंचांनी वेशीवर संगमरवरी पाटी बसवलीसुद्धा. फक्त सालाची जागा कोरी आहे. ते मला रोज मेल करतात. काल त्यांच्या आईनंही केला.

सोमवारी थेट तपासणीला न्यायच्या म्हणून बिया मी घरी आणल्या (हे नियमात बसत नाही) आणि डबा ओट्यावर ठेवला. इथल्या गोडमिट्ट टूथपेस्टला तुम्ही आधीच वैतागलेले. सुप्रभानं तुमच्यासाठी बदामाची टरफलं जाळून ठेवलीयत असं तुम्हाला वाटलं, यात तुमचा काही दोष नाही. तुम्हाला नारिता विमानतळावर पोचवून परतलो, तर डबा घासून पालथा घातलेला. सुप्रभा कौतुकानं म्हणाली, "मामांनी काय छान राखुंडी कुटली! सगळी घेऊनही गेले." मी जो खुर्चीत बसलो तो जेवायलाही उठलो नाही.

मामा, पूड झाली त्याचं काही नाही, वय पुडीचंही काढता येतं. पण तुम्ही त्यात लवंग घालता. लवंग यंदाची. ती मिसळली की सरपंचांचं पुरातन गाव माझ्याहूनही तरुण निघायचं. आमचे प्रोफेसर कोंदो-सान रागावत नाहीत, नुसता दातांतून श्वास आत ओढतात. तपासणी जरा लांबलीय एवढंच सांगितलं, तर त्यांनी दोनदा ओढला. मार्चमध्ये माझं कंत्राट संपतंय. मला खरंच भीती वाटतेय.

आपला
नीलकंठ

ता. क. : मामींना लवंग झोंबते म्हणून त्यांची राखुंडी तुम्ही वेगळ्या डबीत, नुसती ठेवता ना? ती डबी शैलेंद्रबरोबर परत पाठवा. चिमूटभर उरली असली तरी पुरे. तोवर मामींना पेस्ट द्या.

आणखी एक : कारण मात्र त्यांना सांगू नका. बिया नेमक्या कुठं सापडल्या, ते वर मुद्दामच लिहिलं नाही. एका थडग्यात, मयताच्या उशाशी. मामी दात घासून थेट सोवळ्यात देवपूजेला बसतात, हे मी विसरलेलो नाही.