आपल्या विल्सनसाठी टाळ्या नाहीत

उत्तन, रविवार, २० नोव्हेंबर १९९४

टाळ्या काय वाजवत होते! आज मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, संपल्यावर पाहुण्या प्रवचनकारांनी अमेरिकेतल्या एका बेसबॉल खेळाडूची गोष्ट सांगितली. खेळायच्या आधी प्रार्थना करतो, आजारी मुलांना भेटायला जातो. चर्च टाळ्यांनी दणाणलं. पास्कूकाका सगळ्यांत जोरात.

आणि माझा धाकटा भाऊ विल्सन? तोही कॉलेजकडून बेसबॉलच खेळतो. गेल्या आठवड्यात फायनलला त्याने मारलेला चेंडू समोरच्या पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या मुलाच्या, जबड्यावर बसला. मुलगा कोसळला. विल्सन धावायचं सोडून त्याच्यापाशी गुडघे टेकून बसला, प्रार्थना पुटपुटत शर्टाने रक्त पुसत राहिला. आऊट झाला, सामना गेला. तेव्हापासून गाव हसतंय त्याला. काका तर तोंडावर म्हणाले, "जिंकलेली मॅच घालवलीस. येडा हायस का?" त्याच काकांच्या आज टाळ्या!

चर्चच्या अंगणात गाठलंच मी त्यांना. "आपल्या विल्सनसाठी का न्हाय वाजवल्या, काका?"

"ती गोष्ट येगली."

कशी वेगळी? अमेरिकेतली म्हणून? मग आपल्या पोरांना धीर कोणी द्यायचा?

घरी येऊन विल्सनला सांगितलं, तर म्हणतो, "भांडू नको गं ताई. त्या मुलाला चावता येत नाही. आईने पेज केलीय, नेऊन देऊ."

धुमसतच गेले त्याच्याबरोबर भाईंदर पूर्वेला. मुलाच्या आईने दार उघडलं, विल्सनला पाहिलं आणि आत वळून हाक मारली, "बाळा, तुझा मित्र आलाय बघ."