सत्तर किलोचा मामा

३ मार्च, सकाळी
आजपासून रोज नोंद ठेवणार. ताकदीच्या पावडरचा डबा आणलाय, त्यावर तसं लिहिलंय. दुसरं काही कारण नाही.

२८ तारखेला चाचणी. मामाला खांद्यावर घेऊन तिसऱ्या मजल्यावरून खाली यायचं, नव्वद सेकंदांत. मामा म्हणजे आमच्या फायर स्टेशनचा सरावाचा पुतळा. कॅनव्हासचा, आत वाळू, वजन सत्तर किलो. सगळ्यांच्या मानेवर बसतो म्हणून मामा. नापास झालेल्याला गाडीवरून उतरवून फोनवर बसवतात. मला चिंता नाही. एकवीस वर्षं गाडीवर काढलीत.

गेल्या महिन्यातलं एकदा लिहून टाकतो, म्हणजे विषय संपेल. आगीतून एका आजींना खांद्यावर घेऊन उतरत होतो. मधल्या जिन्यावर पाय थांबले. दुखले नाहीत, घसरले नाहीत, नुसते थांबले. वरून धूर येत होता. काडीने आजींना माझ्या खांद्यावरून उचललं आणि तो पुढे झाला. काडी माझा जोडीदार, अंगाने काडी, ताकदीने रेडा. आजी ठणठणीत आहेत. रिपोर्टात मी लिहिलं, जिना ओला होता.

ओलाच असणार.

४ मार्च
पावडरच्या दुकानदाराचे दंड माझ्या मांडीएवढे. त्याला पायांचं सांगितलं (मित्राचे पाय म्हणून). तो म्हणाला, स्नायूंचा थकवा ही आता जुनी गोष्ट झाली. आणखी तीन डबे दिले: व्यायामाआधी, व्यायामात, व्यायामानंतर. व्यायाम कधी करायचा, हे विचारायचं राहिलं.

बायको म्हणाली, त्यापेक्षा रोज जिने चढ-उतर करा आणि पोटभर जेवा. तिला यातलं सायन्स कळत नाही.

६ मार्च
सराव. मामाला घेऊन सात पायऱ्या उतरलो आणि तेच झालं. पाय थांबले. घाम गार पडला. काडी बघत होता. मी म्हटलं, पावडर अजून रक्तात भिनलेली नाही. त्याने मामाला उचलून स्वतःच स्टोअरमध्ये नेलं. एरवी ते काम माझ्या गळ्यात असतं.

७ मार्च, सकाळी ६.२०
डब्यातला चमचा सापडत नाही. काल स्टेशनवर होता. अंदाजाने मूठभर घेतली.

६.४०
ओठ झिणझिणतायत. कानसुद्धा. कानांना मुंग्या आल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही. छातीत धडधड. अर्धांगवायू असा सुरू होतो का? बायकोला उठवलं. तिने जीभ बाहेर काढायला लावली, दोन्ही हात वर करायला लावले, मग म्हणाली, हात वर आहेतच तर माळ्यावरचा कुकर काढून द्या.

दुपारी
स्टेशनच्या डॉक्टरांकडे गेलो. म्हणाले, पावडरने मुंग्या येतात, घाबरू नका, पण मूठभर कसली खाता? पाय दमतात ते वयाने आणि सराव सुटल्याने. हळूहळू वजन वाढवा, झोप घ्या, सहा महिने लागतील. माझ्याकडे एकवीस दिवस आहेत. डॉक्टर जुन्या वळणाचे आहेत.

११ मार्च
लागू पडली. मामाला घेऊन पूर्ण एक मजला उतरलो. पाय थरथरले, पण थांबले नाहीत. काडीने पाठ थोपटली. पावडर बोलते आहे.

१५ मार्च
दोन मजले. मामा पिसासारखा वाटायला लागलाय. काडीला म्हटलं, तूही सुरू कर. तो म्हणाला, त्याला एकाच माणसाचं करून पुरे झालंय. बहुतेक त्याच्या वडिलांबद्दल बोलत होता.

स्टोअरमध्ये जमिनीवर वाळू सांडलेली. बेशिस्त वाढलीय. मीच झाडून काढली.

१८ मार्च
खरं लिहितो, कोण वाचणार आहे? रोज सकाळी डबा उघडून आधी किती उरली ते बघतो. गुण गेला तर? डबा संपला तर? पायांवर हात ठेवून बसतो. कुणा परक्याच्या घरी बसावं तसा. बायकोने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, स्ट्रेचिंग.

२२ मार्च
तीन मजले, अठ्ठ्याऐंशी सेकंद. दुकानदाराला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, तुमचा फोटो दुकानात लावतो.

मामाच्या पोटाला सुरकुत्या पडल्यात. काडी म्हणाला, वय झालं त्याचं.

२८ मार्च, दुपारी
पास. ब्याऐंशी सेकंद. साहेबांनी हात मिळवला, म्हणाले, पन्नाशीत असा दम पाहिला नाही. बायकोला फोन केला. ती म्हणाली, म्हणजे अजून आठ वर्षं गाडीवर. आनंदानेच म्हणाली असेल.

संध्याकाळी ५
मामाला मीच स्टोअरमध्ये ठेवायला नेलं, जाता जाता आभार मानावेत म्हणून. मागच्या फळीखाली दोन बादल्या. काठोकाठ वाळू. एकीत माझा पावडरचा चमचा खोवलेला.

मामाला उलटा केला. पाठीची शिवण उसवून पुन्हा घातलेली. काट्यावर ठेवला. एकेचाळीस किलो.

वाळू परत भरली, चमच्याचमच्याने. मग हाताने. खांद्यावर घेतला आणि जिना उतरायला लागलो. सातवी पायरी. पाय थांबले.

मामाला मांडीवर घेऊन तिथेच बसलो. काडी आला, शेजारी बसला. म्हणाला, तू खचत चालला होतास, बघवेना. रोज थोडी काढली. वाटलं, तुला जोर आला की गुपचूप परत भरू. चाचणी कधी आली कळलंच नाही. मी रागवायला तोंड उघडलं, पण दात वाजत होते.

मला भीती वाटते. लिहूनच टाकतो. फोनच्या खुर्चीची वाटत होती, ती आता नाही वाटत. उद्या भोंगा वाजेल, कुणीतरी माझ्या खांद्यावर असेल, धूर असेल, आणि त्या माणसातली वाळू कोण काढून ठेवणार? काडी पुढे गेलेला असला तर?

२९ मार्च
साहेबांकडे गेलो. काडीचं नाव घेतलं नाही. सांगितलं, धुराने डोळे चुरचुरतात, शिवाय माझा आवाज फोनवर भारदस्त येतो, बायकोही म्हणते. (ती असं कधी म्हणालेली नाही.) साहेब माझ्या पायांकडे बघत राहिले. मग म्हणाले, सोमवारपासून बसा.

बायकोला सांगितलं. ती रडली आणि मग दोन वेळा वाढून जेवली.

१ एप्रिल, सकाळी १०.१५
पहिला फोन. बाईंचा. चौथा मजला, स्वयंपाकघर पेटलंय, सासऱ्यांना चालता येत नाही. पत्ता घेतला, भोंगा दिला. काडी आणि नवा गडी निघाले. बाई सारखं विचारत होत्या, येतील ना, उचलतील ना त्यांना. मी म्हटलं, उचलतील. फोन दोन्ही हातांनी धरावा लागला.

११.००
उचललं. सगळे खाली आले. काडीने वायरलेसवर मलाच सांगितलं, निरोप दुसऱ्या कुणाला द्यायला नकार दिला म्हणे.

पाय एकदम बरे आहेत, बसून. दुकानदाराकडे जाऊन यायचं. बोलताना आवाज थरथरू नये म्हणून काही येतं का, विचारायचं.